टिपलेलं बदक

मे 1999. सुप्याहून आलेल्या लाल डब्यातून तुम्ही पारनेरला उतरता. वय बारा, चपलेत फुफाटा. मामाच्या घरी माजघरात सगळी पोरं टीव्हीला डोळे लावून बसलीत. मामेभाऊ व्हिडिओ गेमची कॅसेट काढतो, फुंकर मारतो, पुन्हा खोचतो. गवतातून बदक उडतं. प्लॅस्टिकची बंदूक तुमच्या हातात येते.

चाप ओढा. पडदा डोळा लवण्याआधी काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकून जातो. तुम्ही पुढच्या काळातून आलात म्हणून तुम्हाला ठाऊक आहे (इथं बोलू नका, पोरं हिरमुसतील), की या बंदुकीतून काहीच सुटत नाही. नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. चौकोन दिसला तर बदक मेलं, नाही तर खेळातलं कुत्रं दात काढून हसतं. म्हणजे ही बंदूक नुसती बघते. मराठीनं हे फार आधी ओळखलेलं असावं. चिमणी दाणा टिपते, नेमबाज पाखरू टिपतो आणि फोटोवालाही टिपतोच.

याच वर्षी मार्चमध्ये जपानात ‘पोकेमॉन स्नॅप’ हा व्हिडिओ गेम आला. त्यात गाडी आपोआप रुळावरून चालते, तुम्ही फक्त कॅमेरा रोखायचा. एका फेरीला 60 फोटो. प्राणी चौकटीत किती मोठा, कोणत्या ढंगात, मधोमध आहे का, यावर खेळातले प्रोफेसर ओक गुण देतात. पाठ फिरवून बसलेल्या प्राण्याकडे सफरचंद फेकायचं, म्हणजे तो वळतो. पारनेरच्या माजघरात हा गेम यायचा नाही. इथं अजून बदकंच मरतायत.

लाइट जाते. पोरं ओरडत अंगणात. तुम्ही मात्र घरामागच्या माळावर निघता. कुसळं पायजम्याला चिकटतात, बाभळीखालचा उजेड तांबूस झालाय. वीस पावलांवर खोकड. शेपटीचं टोक काळं, कान ताठ. ते तुमच्याकडे बघतं. गाडी नाही, रूळ नाही, सफरचंद तर नाहीच. दहाएक वर्षांनी याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात, अभ्यासक कॅमेरा सापळे लावतील. समोरून कुणी गेलं की फोटो आपोआप निघेल. शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक बिबटे, आणि तरसंही जवळपास तेवढीच, असा अंदाज 2013 मध्ये छापून येईल. माणसं घरात झोपलेली असताना शेताच्या बांधावरून कोण कोण जातं, ते तेव्हा कळेल.

आत्ता तुम्ही पळत घरी येता. मामांच्या कपाटात कॅमेरा आहे.

“मामा, खोकड! कॅमेरा द्या ना, एकच काढतो.”

मामा कंदिलाची काच पुसतायत. “छत्तीसचा रोल आहे, चौदा झालेत. बाकीचे ताईच्या लग्नाला. खोकडाचं काय लग्न आहे?”

तुम्ही पुन्हा माळाकडे धावता. बाभळीखाली आता नुसता अंधार आहे. मागे लाइट येते, आणि माजघरातून कुत्र्याचं हसू ऐकू येतं.