सहाशे साठ फुटांचा व्हरांडा

अमेरिकेतलं ग्रँड हॉटेल कुणा धनिकाच्या हौसेतून उभं राहिलेलं नाही. ते बांधलं आगगाडीवाल्यांनी आणि आगबोटवाल्यांनी. मिशिगन राज्यात, ह्युरॉन सरोवरात मॅकिनॉ नावाचं छोटंसं बेट आहे. 1875 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, यलोस्टोननंतरचं देशातलं दुसरं. शिकागो-डेट्रॉइटच्या उकाड्याला कंटाळलेली सुखवस्तू कुटुंबं तिथल्या गार वाऱ्यासाठी येऊ लागली. पण उतरायचं कुठे? मुक्कामाची सोय झाली तर तिकिटं खपतील, या सरळ हिशेबानं दोन रेल्वे कंपन्या आणि एक आगबोट कंपनी 1886 मध्ये एकत्र आल्या. पाइनच्या लाकडाचं हे प्रचंड हॉटेल 10 जुलै 1887 रोजी उघडलं. खोलीचं भाडं दिवसाला 3 ते 5 डॉलर.

त्याचा जीव मात्र खोल्यांत नाही, व्हरांड्यात आहे. लांबी 660 फूट, उंच पांढरे खांब, ओळीनं मांडलेल्या डुलत्या खुर्च्या, कठड्याशी लालभडक जिरेनियम आणि समोर पाणीच पाणी. जगात एवढा लांब व्हरांडा दुसरा नाही, असं हॉटेल अभिमानानं सांगतं. एडिसनच्या फोनोग्राफचं प्रात्यक्षिक याच व्हरांड्यात झालं. काहीही न करता चारचौघांत निवांत बसण्यासाठी इतकी ऐसपैस जागा बांधावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

1898 मध्ये बेटावरच्या गावानं मोटारींना मज्जाव केला. घोडे बुजत होते. माथेरान पाहिलेल्यांना त्या शांततेचं मोल वेगळं सांगायला नको. पुढे मोटारींमुळे लोकांच्या सुट्टीची तऱ्हाच बदलली आणि रेल्वेच्या भरवशावर उभी राहिलेली कितीतरी हॉटेलं ओस पडली. मॅकिनॉला मात्र लोक येत राहिले ते मोटारी नाहीत म्हणूनच, असं माझं ठाम मत आहे.

तरीही माणसाची जिद्द लागलीच. 1919 मध्ये इथे कारकून म्हणून लागलेल्या स्ट्युअर्ट वुडफिलनं ऐन महामंदीत, 1933 मध्ये, हे हॉटेल विकत घेतलं आणि पुढची चार दशकं सांभाळलं. 1989 मध्ये हॉटेलला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

डेट्रॉइटला मुलांकडे उन्हाळ्यात जाणार असाल, तर मॅकिनॉला अवश्य जा. मे ते ऑक्टोबर हॉटेल उघडं असतं. तिथे मुक्काम परवडला नाही, तरी तिकीट काढून व्हरांड्यात बसता येतं.