परतूर परिसरातील प्रौढ शिक्षण: निजामी अमदानीपासून पुढे

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील परतूर हे आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले, तरी 1 मे 1981 रोजी हा जिल्हा निर्माण होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात मोडत असे, आणि 1948 पर्यंत तर त्यावर हैदराबादच्या निजामाची सत्ता होती. येथील प्रौढ शिक्षणाचा, म्हणजे शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्री-पुरुषांना लिहिणे, वाचणे व हिशेब शिकवण्याच्या प्रयत्नांचा, इतिहास त्या राजवटीपासूनच सुरू करावा लागतो. कारण मराठवाड्यातील निरक्षरतेला दारिद्र्याइतकेच राज्याचे भाषाधोरणही कारणीभूत होते.

निजामी राज्यात तहसील व न्यायालयांचा कारभार उर्दूतून चाले, 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि खासगी शाळा काढण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. एखाद्या मराठी शेतकऱ्याने खटपट करून अक्षरे गिरवली, तरी तहसिलात दाद मागायची तर त्याला अर्जनवीसाकडे, म्हणजे मोबदला घेऊन अर्ज लिहून देणाऱ्याकडे, जावेच लागे. तेव्हा अशा साक्षरतेची ओढ त्याला फारशी वाटली नसेल तर त्यात नवल नाही. सभा घेण्यावरही गश्तींनी, म्हणजे सरकारी परिपत्रकांनी, बंधने घातलेली होती. अशा काळात, 1937 साली, हैदराबाद संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर येथेच भरले. परिषदांच्या या चळवळीने मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. परतूरच्या शैक्षणिक इतिहासात या अधिवेशनाची नोंद सहसा होत नाही, ती व्हायला हवी. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरांतील जेमतेम नऊ जण साक्षर आढळले.

मराठवाडा 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर 1959 साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर नेण्यात आली. तिचे एकक व्यक्ती नसून गाव होते: प्राथमिक शिक्षकांनी व शिकलेल्या गावकऱ्यांनी रात्रीचे वर्ग चालवायचे आणि सारे गाव साक्षर झाले की 'ग्रामगौरव' समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. गावाच्या अभिमानाला घातलेली ही साद परिणामकारक ठरली, परंतु समारंभानंतर वाचायला काय, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहिला. वापराअभावी मिळवलेली अक्षरे विसरण्याची, म्हणजे पुनर्निरक्षरतेची, अडचण तेथूनच उद्भवली. वास्तविक हैदराबाद राज्याने 1955 मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता आणि महाराष्ट्राने 1967 मध्ये आपला कायदा केला. पण वर्ग आणि ग्रंथालय ही दोन स्वतंत्र खात्यांची कामे मानली गेली.

2 ऑक्टोबर 1978 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने सुमारे तीस प्रौढांमागे एक केंद्र व महिना पन्नास रुपये मानधनावर एक अनुदेशक अशी रचना आणली आणि 15 ते 35 या वयोगटाला प्राधान्य दिले. ही वयोमर्यादा परतूरसारख्या भागाला विशेष जाचक होती. 1948 पूर्वी ज्यांचे शाळेत जाण्याचे वय झाले होते, ते जवळजवळ सर्वच जण 1978 पर्यंत पस्तिशी ओलांडून गेले होते. म्हणजे निजामी धोरणाची झळ ज्या पिढीला बसली, तीच नव्या योजनेच्या प्राधान्याबाहेर राहिली. 1988 च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननेही हीच मर्यादा कायम ठेवली, मात्र मानधनी अनुदेशकांऐवजी स्वयंसेवकांवर भर दिला आणि पुढे नवसाक्षरांसाठी निरंतर शिक्षण केंद्रे व ती चालवणारे 'प्रेरक' यांची सोय केली. पुनर्निरक्षरतेवरचा हा उपाय योग्य होता, परंतु तो फार उशिरा आला.

दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे. या भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्यामुळे शेतीची कामे सरून सामान्यतः वर्गाला सवड मिळण्याच्या नेमक्या काळात शिकणारे गावात नसतात. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता सुमारे 71.5 टक्के, तर राज्याची 82 टक्क्यांहून अधिक होती. 2022 पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने, म्हणजेच 'उल्लास'ने, वरची वयोमर्यादा काढून टाकली, ही सुधारणा मोठीच. मात्र राज्यातील त्याची पहिली चाचणी मार्च 2024 मध्ये झाली, आणि मार्चमध्ये ऊसतोडीच्या अनेक टोळ्या अजून फडावरच असतात.