ठेंगणा टोमॅटो
जाड खोड, गडद हिरवी सुरकुतलेली पाने आणि साधारण मीटरभर उंची असलेला टोमॅटोचा गट. रोप सावकाश वाढते, पण झुडपी वाणांसारखे एका बहरात थांबत नाही; हंगामभर फळते.

२००५ मध्ये अमेरिकेचे क्रेग लेहूलियर आणि ऑस्ट्रेलियाच्या पट्रिना नुस्के स्मॉल यांनी हौशी बागायतदारांना सोबत घेऊन चवदार ठेंगण्या वाणांचा प्रकल्प उभारला. दोन गोलार्धांत ऋतू उलटे, त्यामुळे वर्षाला दोन पिढ्या पारखता आल्या. ठेंगणेपणा अप्रभावी गुण असल्याने उंच व ठेंगण्या वाणांच्या संकराची पहिली पिढी उंचच निघते. दुसरीत साधारण चौथा हिस्सा ठेंगणा, आणि तो रोपवाटिकेतच ओळखू येतो. ‘रोझेला पर्पल’, ‘टास्मानियन चॉकलेट’ हे या प्रकल्पातलेच वाण.

अशा वाणांची आपसात तुलना करायची तर सुमारे २० लिटरच्या सारख्या कुंड्या, एकच माती आणि एकच पेरणीची तारीख ठेवावी. पहिल्या तोड्याचा दिवस, वजन व चव नोंदवावी.