गिरमिट : ‘हो’ म्हणायला शिकवलेली माणसं

माणसांची तस्करी ओळखायची कशी, यावर बोला, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. मी फौजेतला माणूस, पोलिसातला नाही. म्हणून हा विषय मी इतिहासाच्या वाटेनं घेणार आहे. आज पोलीस ज्या खुणा सांगतात, त्यातल्या बहुतेक एका माणसानं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःच्या अनुभवातून लिहून ठेवल्या आहेत.

‘गिरमिट’ म्हटलं की आपल्याला सुताराचं भोकं पाडायचं हत्यार आठवतं. हुबळी-धारवाडच्या मंडळींना चुरमुऱ्यांचं गिरमिट आठवेल. पण पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारात हा शब्द ‘अ‍ॅग्रिमेंट’वरून आला. अ‍ॅग्रिमेंटचं झालं गिरमिट, आणि त्यावर अंगठा देऊन समुद्रापार गेलेला तो गिरमिटिया.

इंग्रजी साम्राज्यातली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली, पण उसाचे मळे बंद झाले नव्हते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुईला लागलं. पुढं ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम आणि १८७९ पासून फिजी. १९१७ पर्यंत सुमारे १२ ते १३ लाख माणसं अशी गेली. एकट्या मॉरिशसला साडेचार लाख. त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते; त्यांचे वंशज आजही तिथं गणपती बसवतात आणि त्या दिवशी मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते.

आता माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा व्यवहार चोरून चाललेला नव्हता. सुरुवातीलाच ओरड झाली, १८३८ साली चौकशी समिती नेमली गेली, काही वर्षं मजूर पाठवणं बंद झालं आणि १८४२ साली नव्या नियमांसह परत सुरू झालं. मग दर काही वर्षांनी नियम वाढतच गेले. भरती करणाऱ्याला परवाना हवा. जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर नोंदणी हवी. मजुराची संमती विचारून घ्यायला हवी. डॉक्टरची तपासणी हवी. कलकत्त्याच्या डेपोवर देखरेखीला सरकारी अधिकारी, त्याचं पदनाम ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांचा रक्षक. हे पद आजही आपल्या परराष्ट्र खात्यात आहे, १९८३ च्या कायद्यानुसार. फाइल पाहिली तर बोट ठेवायला जागा नाही.

मग एवढ्या पहाऱ्यातून माणसं फसून गेली कशी? याचं उत्तर तोताराम सनाढ्य देतात. फिरोजाबादजवळच्या हिरनगावचा हा ब्राह्मणाचा पोर. वडील वारलेले, घरावर कर्ज. १८९३ साली कामाच्या शोधात प्रयागला पोहोचला. तिथं कोतवालीजवळ त्याला एक अनोळखी माणूस भेटला. गोड बोलणारा, नोकरी हवी का म्हणून आपणहून विचारणारा. अशा माणसाला ‘अरकाटी’ म्हणत. अरकाट्याला डोईमागं पैसे मिळत, बाई असेल तर जास्त. तोताराम फिजीला गेले आणि २१ वर्षांनी, १९१४ मध्ये परतले. त्यांची हकिकत हिंदीत पुस्तकरूपानं आली आणि देशभर वाचली गेली.

त्या हकिकतीत अरकाट्यानं नेलेलं घर येतं. तिथं आधीच शंभरावर स्त्री-पुरुष बसवलेले. त्यांना सांगितलेलं, की आपापसात बोलू नका, बाहेरच्याशी तर नाहीच. जायचं तिथं केळी आणि ऊस पोटभर, रोज बारा आणे मजुरी. आता, साहेबासमोर उभं केल्यावर तो विचारील तेव्हा फक्त ‘हो’ म्हणायचं. ‘नाही’ म्हणालात तर खटला होऊन तुरुंगात जाल. मग सगळ्यांना मॅजिस्ट्रेटसमोर नेलं. फिजी कुठं आहे, तिथं काम काय, ते झालं नाही तर शिक्षा काय, यातलं काही कुणी समजावलं नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न, प्रत्येकाचं एकच उत्तर. १६५ माणसांची नोंदणी वीसेक मिनिटांत उरकली, असं तोताराम सांगतात. गणित करून पाहा. माणशी सात-आठ सेकंद पडतात.

इथं मला माझ्या नोकरीतलं एक सांगावंसं वाटतं. फौजेत काही घडलं की ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ बसते. मी अशा बऱ्याच चौकश्यांवर बसलो आहे. खरं बोलणाऱ्या चार साक्षीदारांच्या जबान्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. एकाला आवाज आठवतो, दुसऱ्याला वेळ, तिसरा उगाच जेवणात काय होतं ते सांगत बसतो. चौघांनी तेच वाक्य त्याच शब्दांत सांगितलं की समजायचं, कुणीतरी पाठ करून घेतलं आहे. प्रयागच्या त्या मॅजिस्ट्रेटला एवढी गोष्ट कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

ठिकाणांच्या नावांचा घोळही असाच सोयीचा. डेमरारा झालं ‘डमरा’, मॉरिशस ‘मिरीच’, त्रिनिदाद ‘चिनीदाद’ आणि सुरिनाम चक्क ‘श्रीराम’. अडाणी माणसाला वाटायचं, श्रीरामाचा मुलूख म्हणजे तीर्थक्षेत्रच असणार, आणि तेही कलकत्त्याच्या थोडं पलीकडं.

बायकांचा भाग याहून वाईट. जहाजावर दर १०० पुरुषांमागं ४० स्त्रिया हव्यात, असा नियम होता. नियम करणाऱ्यांचा हेतू काही असो, अरकाट्याला आकडा भरायचा होता. मग तीर्थयात्रेत चुकलेली, घरातून भांडून निघालेली, विधवा, अशी एकटी बाई स्टेशनवर किंवा घाटावर दिसली की तो तिच्याशी बोलायला जाई. हाच नकाशा आजही चालतो: स्टेशन, बस अड्डा, जत्रा, आणि पुरानंतरच्या मदत छावण्या.

४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. माणूस फसवून नेला जातो आणि पुढं करार मोडणं हा फौजदारी गुन्हा ठरवून अडकवला जातो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. सरकारी सभासदांच्या बहुमतानं ठराव पडला. पण तिथून चक्र फिरलं, १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले करार रद्द झाले.

आजच्या कायद्यानं यातून एक धडा नक्की घेतला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये, आणि त्याआधी दंडविधानाच्या ३७० मध्ये, स्पष्ट लिहिलं आहे की पीडिताची संमती गैरलागू. फसवून, धमकावून किंवा पैशाची लालूच दाखवून शोषणासाठी नेलं असेल, तर ‘तो तर स्वतःच्या मर्जीनं आला’ हा बचाव चालत नाही. मॅजिस्ट्रेटसमोरच्या त्या ‘हो’ला आज किंमत नाही.

अरकाटी मात्र संपलेला नाही. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून दोन दिवसांत पाचशेहून अधिक भारतीय परत आणले. नोकरीच्या आशेनं गेलेली ही मंडळी म्यानमारच्या सरहद्दीवर ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकली होती. यात चांगली शिकलेली, संगणक येणारी पोरंही असतात. म्हणजे अंगठेबहाद्दरच फसतात, हा आपला समज सोडा.

तर घरातलं पोर परदेशी नोकरीला निघालं असेल, तर कामाचा पत्ता, मालकाचं नाव आणि व्हिसाचा प्रकार कागदावर मागा. नोकरी आणि व्हिसा पर्यटकाचा, असं असेल तर तिथंच थांबवा. एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा; नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. ‘घरी इतक्यात सांगू नकोस’ असं एजंट म्हणाला, तर ते तोतारामांच्या त्या घरातलंच वाक्य आहे. तिथं पोहोचल्यावर पासपोर्ट कुणी ‘सांभाळायला’ मागितला, तर देऊ नये हे पोराला आधीच बजावा.

आणि प्रवासात एखाद्या माणसाबरोबर चार-पाच मुलं दिसली, प्रत्येक प्रश्नाला तोच उत्तर देतोय, किंवा मुलं बोलली तर सगळी एकच वाक्य बोलतात, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. तो सावध होऊन पुढच्या स्टेशनवर उतरेल. डब्याचा नंबर बघा आणि १३९ वर रेल्वेला कळवा. लहान मुलांसाठी १०९८ आहे, इतर ठिकाणी ११२. मुलांशी वेगवेगळं बोलायचं काम रेल्वे पोलिसांना करू द्या.