पक्के बसवलेले दात किती वर्षं टिकतात? ब्रिजची काळजी अशी घ्या

भंडारा : धानाचा चुकारा हाती आला की आपल्या जिल्ह्यात अडून राहिलेली कामं निघतात. त्यात दात बसवण्याचंही काम असतं. कवळीची काढ-घाल नको, पक्का दात पाहिजे म्हणून लोक तुमसर, साकोली, पवनी, भंडारा गाठतात, काही थेट नागपूरला जातात. डॉक्टर ब्रिज सांगतात. हजारो रुपये मोजायचे म्हटल्यावर पहिला प्रश्न एकच, हे किती वर्षं टिकणार?

साधारण उत्तर १० ते १५ वर्षं. जगभरातल्या अभ्यासांवरून असं दिसतं की, १० वर्षांनी १०० पैकी जवळपास ९० ब्रिज तोंडात शाबूत असतात. १५ वर्षं होईपर्यंत चारातला एक गेलेला असतो. काहींचा २० वर्षांच्या पुढेही चालतो, काहींचा पाच वर्षांत हातात येतो. हा फरक का पडतो ते समजून घ्यावं लागेल.

पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूचे दात चारी अंगांनी घासून लहान करतात. त्यांच्यावर कॅप बसवतात आणि त्या दोन कॅपना मधला खोटा दात जोडलेला असतो. नाल्यावरच्या पुलासारखंच. सगळा भार बाजूच्या दोन खांबांवर. कॅप धातूची असो, सिरॅमिकची असो की झिरकोनियाची, ती किडत नाही. किडतो तो आतला आपला दात. हिरडीजवळ जिथं कॅपची कड संपते तिथं अन्न साचतं आणि कीड आत शिरते. त्या दाताची रूट कॅनल झालेली असेल तर नस नसल्यामुळे दुखतही नाही. आतून पोखरून झाल्यावर एक दिवस घास चावताना ब्रिज दाताच्या तुकड्यासकट निघतो. मंग एका दाताच्या जागी तीन दातांचा खर्च.

वॉरंटी कार्डाबद्दलही इथंच सांगतो. झिरकोनियाच्या कॅपवर १० किंवा १५ वर्षांचं कार्ड मिळतं. ते बहुतेक कॅप फुटण्याबद्दल असतं. आतला दात किडला, हिरडी सुजली तर त्याची हमी कोणतीच कंपनी घेत नाही. कार्डावरच्या अटी वाचून घ्या.

आता काळजी. फ्लोराइडवाली पेस्ट आणि मऊ ब्रश, सकाळी एकदा आणि रात्री जेवण झाल्यावर एकदा. रात्रीचं आपल्याकडे राहतं, आणि तेच जास्त गरजेचं. ब्रश हिरडीच्या कडेनं फिरला पाहिजे. खोट्या दाताच्या खाली बारीक फट असते, तिथं ब्रश पोचत नाही. कॅप एकमेकींना जोडलेल्या असल्यानं साधा धागाही वरून जात नाही. त्यासाठी टोक कडक असलेला सुपरफ्लॉस किंवा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा लहान इंटरडेंटल ब्रश येतो. गावच्या मेडिकलमध्ये नसला तर डॉक्टरांकडून मागून घ्या आणि आरशासमोर एकदा करून दाखवायला सांगा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या तर बऱ्याच, पण त्यानं फट साफ होत नाही. मिश्री, गुडाखू, कोळसा, खरबरीत मंजन बंद. त्यानं मुळं घासली जातात, आणि मिश्री-गुडाखूत तर तंबाखूच असते.

राहिला खर्रा. कडक सुपारीचा मार कॅपवर बसतो, तंबाखू हिरडी खराब करते आणि चुन्यानं तोंड सोलतं. वर्षानुवर्षं खाणाऱ्याचं तोंड उघडणं कमी होत जातं. दोन बोटं शिरत नाहीत अशा तोंडात ना ब्रश मागच्या दातापर्यंत जातो, ना डॉक्टरचा हात. ब्रिज दूर राहिला, ही कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते, म्हणून अशा माणसानं आधी तोंड तपासून घ्यावं. शिंगाड्याचं टरफल दातानं फोडणं, ऊस सोलणं, मटणाचं हाड चावणं, बाटलीचं झाकण काढणं हेही ब्रिजच्या बाजूनं नको. शुगर असलेल्यांनी शुगर ताब्यात ठेवावी, नाहीतर हिरडी सैल पडते आणि खांबच हलतो.

काही ठिकाणी बाजारात, रस्त्याच्या कडेला बसून तासाभरात पक्का दात लावून देतात. तो ब्रिज नाही. बाजूच्या दातांना तार किंवा प्लॅस्टिकचा मसाला चिकटवलेला असतो. खालून साफ करता येत नाही, हिरडी सडते आणि चांगले दातही जातात. कायद्यानुसार नोंदणी असलेल्या डॉक्टरांनाच हे काम करता येतं. दवाखान्यात नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

खर्च झेपत नसेल तर नागपूरला मेडिकलजवळ शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तिथं शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. पैसे कमी लागतात, पण चकरा जास्त होतात. हंगाम पाहून जा.

“दात बसवले, आता डॉक्टरकडे कायले जाऊ?” असं म्हणणारे पुष्कळ. वर्षातून दोनदा दाखवावं, एकदा रोवणी आटोपल्यावर, एकदा मळणीनंतर. ब्रिजखालून घाण वास किंवा कडू पाणी येणं, चावताना हलल्यासारखं वाटणं, हिरडीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर हंगाम पाहू नका.

ब्रिज निघालाच तर फेविक्विकनं चिकटवू नका. तो तोंडात तसाच ठेवून झोपूही नका, गिळला किंवा श्वासनळीत गेला तर जिवावर बेतेल. धुवून डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत डॉक्टरकडे न्या. आतला दात चांगला असेल तर तोच ब्रिज पुन्हा सिमेंटनं बसवता येतो. महिना घालवला तर बाजूचे दात सरकतात आणि तो बसत नाही.