भातपेरणीचा हंगाम, ठाणे खाडीकाठचा
पेरणीचा योग्य काळ हवामान व जमीन यांवरून ठरतो. दख्खनच्या पठारावर रब्बी ज्वारी पावसाळ्याच्या अखेरीस पेरतात; कोकणात भातपेरणी मृग नक्षत्राशी निगडित आहे. मृग सध्या ७–८ जूनला लागतो व मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला येतो. नाक्षत्र गणनेमुळे मृगाची तारीख सु. ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

बाळकुमच्या परिसरातील खाडीपट्ट्यात जमिनीप्रमाणे पेरणीची वेळ बदलत असे. गोड्या जमिनीत उन्हाळ्यात पाला, फांद्या व शेण पसरून राब भाजीत. काही शेतकरी रोहिणीतच कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करीत. पाऊस लांबल्यास बी वाया जाई. रोपे तीन-साडेतीन आठवड्यांची झाली, की आवणी होई. खारजमिनीत अशी घाई चालत नसे. पावसाने क्षार धुऊन उघाडीवाटे खाडीत गेले, म्हणजे मोड आलेले बी चिखलात फेकीत; यास ‘रहू’ म्हणतात. बांध फुटून भरतीचे पाणी शिरल्यास हंगाम बुडे.

१८७८ च्या वन अधिनियमानंतर राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. राब न भाजल्यास तण माजून रोपे अशक्त राहतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याच्या चौकशीत राब हा वादाचा मुख्य विषय ठरला. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन होऊन बाळकुम तिच्या हद्दीत आले. तेथील भातखाचरांची जागा आता बहुतांशी निवासी संकुलांनी घेतली आहे.