छोटूचे कूळ

शेरलॉक होम्स एका कथेत वॉटसनवर वैतागतो. लोकांना विणकर त्याच्या दातावरून ओळखता येत नाही, छापखान्यात खिळे जुळवणारा डाव्या अंगठ्यावरून ओळखता येत नाही, मग तर्काच्या बारकाव्यांचं त्यांना काय कौतुक, असा त्याचा सूर. कथा १८९२ची. दाताचं कोडं तो उलगडून सांगत नाही.

मागांच्या भिवंडीत त्यासाठी होम्सचा बेकर स्ट्रीट गाठावा लागत नाही. साध्या मागाचा धोटा हातात घेऊन बघा. दोन्ही टोकांना धातू बसवलेली लाकडी होडीच ती. पोटात कांडी आणि कुशीला बारीक भोक. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचा दोरा भोकातून बाहेर काढायचा. इंग्लंडात लँकेशरच्या गिरण्यांत विणकर भोकाला ओठ लावून तो श्वासाबरोबर ओढून घेत. असल्या तोंड लावायच्या धोट्यांवर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये बंदी घातली. शिवाय सूत दातानेच तोडायची सवय. वर्षानुवर्षं तेच केलं की दाताला खाच पडणारच.

होम्सला ही खाच दिसली, पण ती आपल्यापर्यंत आणली वॉटसनने. म्हणून ही कुळकथा हेराची कमी आणि त्याच्या सोबत्याची जास्त आहे.

मूळ पुरुष १८४१चा. एडगर अ‍ॅलन पोने पॅरिसमधल्या एका पडक्या वाड्यात द्युपाँ नावाचा विक्षिप्त माणूस बसवला. दिवसा खिडक्या लावून मेणबत्त्यांच्या उजेडात वाचणारा, रात्री शहरभर भटकणारा. त्याच्याबरोबर राहून सगळं सांगणाऱ्या मित्राला पोने साधं नावही दिलं नाही. ते १८८७ मध्ये कॉनन डॉईल यांनी दिलं. त्यांचा वॉटसन लष्करी डॉक्टर. तो मुंबई बंदरात उतरतो तेव्हा त्याची पलटण खिंडी ओलांडून पार पुढे गेलेली असते; तो मागोमाग कंदाहारला पोचतो आणि मैवंदच्या लढाईत गोळी खातो. ती खांद्याला लागली की पायाला, याबद्दल डॉईल यांचंच स्वतःशी एकमत नाही!

होम्स सपातीत तंबाखू ठेवतो, उत्तरं द्यायची राहिलेली पत्रं फळीवर चाकू खुपसून अडकवतो, घरात बसल्या बसल्या भिंतीवर गोळ्या झाडून राणीची आद्याक्षरं काढतो. असा भाडेकरू एकटा राहिला असता तर घरमालकिणीने पोलिसांत वर्दी दिली असती. वॉटसन कुरकुरत का होईना, हे सोसतो, म्हणून आपणही सोसतो. आणि तो चुकतो, त्यामुळे आपल्याला चुकायची लाज वाटत नाही. मला विचाराल तर या कथांची शंभर वर्षांची पुण्याई इथे आहे. १९२६ मध्ये डॉईल यांनी दोन कथा होम्सच्याच तोंडून सांगवल्या. त्या वाचा आणि वॉटसनची किंमत ठरवा. वाचकाला रस वाटेल अशा बेताने सांगावं लागतं, हे त्यातल्या एकीत होम्स स्वतःच कबूल करतो.

मराठीत अशी जोडी रंगवली बाबूराव अर्नाळकरांनी. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). टोपणनावात अर्नाळा, वसई तालुक्यातलं गाव. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाचे झुंजार आणि काळा पहाड जास्त गाजले, पण होम्सच्या घराण्यातला म्हणायचा तो धनंजय, आणि त्याच्या सोबतीला छोटू. तिकडचा पदवीधर, लढाईत जखमी झालेला डॉक्टर आपल्याकडे येता येता छोटू झाला. हेर म्हणजे दादा आणि मदतनीस म्हणजे धाकटा, ही उतरंड आपल्या घरांतलीच.

नारायण धारपांनी ती मोडली. त्यांचे समर्थ भुताखेतांचा माग काढतात आणि हकिकत सांगतात अप्पा जोशी. नावावरूनच चांगला पोक्त, संसारी गृहस्थ. दूरदर्शनच्या करमचंदने (१९८५) गाजर खाता खाता किटीला गप्प बसवलं. तिथे सोबतीण निव्वळ हशासाठी उरली, आणि ते मला कधीच फारसं रुचलं नाही.

या कुळाची एक शाखा पुण्यातही वाढली. ब्योमकेश बक्षीचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये सिनेमासाठी मुंबईला आले, १९५२ पासून पुण्यात राहिले आणि नंतरचा बराच ब्योमकेश त्यांनी तिथे बसून बंगालीत लिहिला. त्यांनाही डॉईलसारखीच हुक्की आली: शेवटच्या काही कथांत त्यांनी ब्योमकेशच्या हकिकती सांगणाऱ्या मित्राच्या, अजितच्या हातून लेखणी काढून घेतली. १९९३ मध्ये बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी मालिका केली, तेव्हा मात्र रजित कपूरच्या ब्योमकेशशेजारी के. के. रैनांचा अजित हजर होता.